सोळा टॅपेट आणि दोन ताटे

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे आणि माझे एका गाडीशी हाडवैर आहे.

पहिल्याच वाक्यात भांडण काढले म्हणून नाक मुरडू नका. माझ्यासारखी इतर मंडळी आपली कहाणी सांगताना आधी झाडाचे आणि मग सुताराचे गुण गातात. मीही गाईन. पण मनात जे सलते ते एकदा सांगून टाकले की पुढचे सांगायला हलके वाटते. त्या गाडीने माझ्याभोवती बसलेली माणसे भरल्या ताटावरून उठवून नेली. एका पिढीची नेली, मग दुसऱ्या पिढीची नेली. हे मी विसरणार नाही.

आता जन्माची गोष्ट. मी एका बंद पडलेल्या शाळेच्या दारांपासून बनलो. सुताराने ती दोन दारे शाळा पाडताना उचलून आणली होती. त्याने कड्या काढल्या, भोके बुजवली आणि इतका रंधा मारला की मुलांनी कोरलेली नावे भुशात गेली. एकच अक्षर राहिले, तेही खालच्या बाजूला, त्यामुळे ते फक्त रांगणाऱ्या बाळांना दिसते. काम झाल्यावर सुतार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यावर बैल नाचला तरी हे हलणार नाही." बैल काही नाचला नाही, पण मला त्या बोलण्याचा आजही अभिमान वाटतो.

मला विकत घेतले ते बंदरावर क्रेन चालवणाऱ्या एका माणसाने. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. घरात पलंग यायच्या आधी मी आलो. त्याची बायको रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायची. पाहुणे आले की बोटांनी टकटक करून म्हणायचे, "टेबल असावं तर असं." मी ऐकून न ऐकल्यासारखे करायचो. पण खरे सांगतो, त्या दिवशी माझ्यावरची वाटीसुद्धा मी हलू दिली नसती.

मग त्यांना मुलगी झाली. ती एवढीशी होती म्हणून बाप तिला बिट्टी म्हणू लागला आणि ते नाव तिला चिकटले ते चिकटलेच. आज ती पन्नाशीची बाई आहे. मी मात्र तिला बिट्टीच म्हणतो.

बिट्टी खुर्चीवर उशी ठेवून माझ्याशी बसू लागली, त्याच सुमारास ती आली. ती म्हणजे गाडी. दोन दारे, लांबलचक नाक, गडद हिरवा रंग, आठ सिलिंडरचे इंजिन. ती त्या काळीही जुनीच होती. क्रेनवाल्याने ती कुणाच्या तरी मागच्या अंगणातून ओढून आणली, दुरुस्त केली आणि तिच्या इंजिनात एक खास दांडा बसवला. त्या दांड्यामुळे ती उभ्या उभ्या अडखळत गुरगुरायची. दोन पावले टाकून थांबावे, पुन्हा दोन टाकावीत, असा तो आवाज होता. गल्लीतले लोक खिडक्या उघडून बघायचे. माझ्यासाठी कुणी कधी खिडकी उघडली नाही.

तेव्हापासून संध्याकाळी ताटे वाढली की क्रेनवाल्याची बायको गॅरेजच्या दाराशी जाऊन म्हणायची, "अहो, जेवायला चला."

"आलोच!" आतून आवाज यायचा.

मित्रांनो, त्या घरात "आलोच" याचा अर्थ "तुम्ही जेवून घ्या" असा होता. बायको त्याच्या ताटावर दुसरे ताट उपडे घालायची आणि स्वतः जेवून घ्यायची. बिट्टी मात्र थांबायची. चमचा माझ्यावर आपटत राहायची, मग हनुवटी टेकायची, मग गाल टेकायची. कितीतरी वेळा ती माझ्यावरच झोपली. तिचा गाल गरम असायचा आणि मला त्या गाडीचा इतका राग यायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मुलीला ऊब देऊ शकत होतो, पण तिचा बाप आणून देऊ शकत नव्हतो.

एकदाच गाडीचा संसार माझ्यावर मांडला गेला. गॅरेजचे छप्पर गळत होते म्हणून क्रेनवाल्याने वर्तमानपत्र पसरून माझ्यावर सोळा लोखंडी गोट्या मांडल्या. गोट्या म्हणजे अंगठ्याएवढी गुळगुळीत नळकांडी. त्यांना टॅपेट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. बिट्टी तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. ती हात पुढे करणार तेवढ्यात बापाने तिचा हात हळूच धरला.

"हे सोळा जण आहेत," तो म्हणाला. "ज्याची त्याची जागा ठरलेली. याची तिकडे आणि त्याची इकडे केलीस तर इंजिनाचं वाटोळं होईल. कळलं?"

"कळलं. आणि माझी जागा कुठे?"

"तुझी? आईशेजारी."

"गाडीत म्हणतेय मी, बाबा. स्टिअरिंगपाशी बसू?"

"स्टिअरिंगला हात लावायचा नाही," बाप हसत म्हणाला आणि सोळाही जणांना ओळीने घेऊन निघून गेला. बिट्टी वर्तमानपत्रावरचे तेलाचे गोल मोजत बसली. तिने तो धडा चांगला पाठ केला होता. किती चांगला, ते पुढे कळेल.

वर्षे गेली. बिट्टी शिकली, औषधाच्या दुकानात लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. क्रेनवाला म्हातारा झाला आणि एके दिवशी गेला. गाडीवर ताडपत्री आली. मला वाटले, चला, सुटलो. पण ताडपत्रीखालीही ती गाडीच होती. म्हातारी रोज तिच्यावरची पाने झाडायची आणि माझ्यावर मात्र औषधांच्या बाटल्या ठेवायची. मग म्हातारीही गेली. घर रिकामे करताना बिट्टीने सगळे वाटून टाकले. दोनच गोष्टी तिने आपल्या घरी आणवल्या, मी आणि ती. आम्ही एकाच ट्रकमधून आलो. मी उलटा, पाय वर केलेला. ती ताठ मानेने, चारी बाजूंनी दोरखंड बांधून, जणू काही तिला पळवून नेतील.

बिट्टीच्या घरी मात्र माझे दिवस पालटले. तिचा नवरा दातांचा डॉक्टर आहे. स्वभावाने गरीब, हाताने नेमका. दोघे संध्याकाळी दुकान आणि दवाखाना बंद करून आले की माझ्याशी बसायचे. तो दिवसभर लोकांच्या तोंडात बघून आलेला असायचा, त्यामुळे त्याला बोलायची हौस असे. तीही त्याच्या पेशंटांची नक्कल करून हसायची. गाडी गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. मी मनातल्या मनात म्हणायचो, आता कसे? आता बस तिथेच.

माणसाने आणि टेबलाने इतके खूश होऊ नये.

एका रविवारी सूप पिता पिता दातवाला म्हणाला, "तुझ्या बाबांची गाडी आपण पुन्हा सुरू करू या का? इंजिन मी स्वतः खोलतो. घरीच. शिकेन की."

"हं," बिट्टी म्हणाली.

मित्रांनो, त्या बाईच्या "हं"चे अनेक प्रकार आहेत. एक "हं" म्हणजे हो. एक म्हणजे ऐकतेय, पुढे बोल. आणि एक असा आहे की तो आला की शहाण्या माणसाने विषय बदलावा. हा तो होता. मला तो लाकडात जाणवला, कारण तिने चमचा खाली ठेवला होता. दातवाल्याला जाणवला नाही. तो खुशीत उठला आणि थेट गॅरेजात गेला. त्याने ताडपत्री ओढल्याचा आवाज मी ऐकला. त्याला वाटत होते, बायकोला तिच्या बापाचा आवाज परत द्यायचा. याहून मोठी भेट काय असणार? त्याचा हेतू चांगला होता हे मी आज कबूल करतो. तेव्हा केले नसते.

साखळीच्या कप्पीने इंजिन बाहेर निघाले. त्याचे मोठे धूड इंजिने घासून देणाऱ्या मशीनवाल्याकडे गेले. उरलेले सामान कुठे ठेवायचे? गॅरेजात पत्रा घासल्याची धूळ. दातवाल्याने इकडे तिकडे पाहिले आणि त्याची नजर माझ्यावर आली.

"आठवडाभराचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

आठवडा गेला, महिना गेला. माझ्यावर पिस्टन आले, झडपा आल्या, स्प्रिंगा आल्या, नटबोल्टांचे डबे आले. माझा टेबलक्लॉथ गाडीच्या उघड्या पोटावर घातला गेला, धूळ जाऊ नये म्हणून. माझी एक खुर्ची कार्ब्युरेटरला बसायला दिली. आणि माणसे? माणसे सोफ्यावर बसून मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. मी पलीकडच्या खोलीतून चमच्यांचा आवाज ऐकत राहायचो.

तेवढ्यावर भागले असते तरी मी मूग गिळून बसलो असतो. पण त्याचे कौतुक बघवत नव्हते. दातवाला दवाखान्यातला छोटा गोल आरसा घेऊन तेलाच्या भोकांत डोकावायचा. दात कोरायच्या बारीक सळीने कोपऱ्यातली काजळी काढायचा. काढताना चक्क बोलायचा, "आणखी थोडं. दुखत नाहीये ना?" झडपांना त्याने नव्या ब्रशने घासले. पिस्टन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्यांची वजने जुळवली आणि मग जुन्या मऊ बनियनने एकेकाला असे पुसले की मला दुसरीकडे तोंड फिरवता आले असते तर मी फिरवले असते. मला पुसायला फडके यायचे ते भांडी पुसून झालेले. मी इतकी वर्षे या घराची ताटे पाठीवर घेतली, मला कुणी बनियन दिला नाही.

बिट्टीही बघायची. दुकानात औषधे लावून दमून आलेली ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, नवऱ्याची वाकलेली पाठ बघायची आणि सोफ्याकडे वळायची. आमची दोघांची सवत एकच होती. फक्त मला ती टेबल समजायची, त्यामुळे माझ्याशी बोलून उपयोग नाही असे तिला वाटत असावे.

शेवटी मशीनवाल्याने निरोप दिला. बापाने बसवलेला तो खास दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, अजून धडधाकट आहे. त्यावर सोळा उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट घासत असतो. "जुना कॅम घालणार असाल तर जुने टॅपेटही जागच्या जागीच घाला," तो फोनवर बजावत होता. "वर्षानुवर्षं एकमेकांना झिजवून ते एकमेकांचे झालेत. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं करू नका. कॅम खाऊन टाकतील."

दातवाला हसला. त्याने सोळाही टॅपेट काढतानाच माझ्यावर क्रमाने मांडले होते, पण ओळीत नाही. त्याने ते कमानीत मांडले होते. "वरच्या जबड्यात सोळाच दात असतात," तो बिट्टीला म्हणाला. "ही मागची दाढ, हा सुळा, हे पुढचे दोन. माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. चिठ्ठ्या लावायची गरजच नाही."

दाताच्या डॉक्टरशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. मशीनवाल्याने नंबर टाकले असते, क्रेनवाल्याने ओळ लावली असती. हा मात्र माझ्यावर लोखंडी कवळी मांडून निश्चिंत झाला.

मग बिट्टीचा वाढदिवस आला.

त्या दिवशी दातवाल्याने दवाखाना बंद ठेवला. मशीनवाल्याकडून परत आलेले इंजिन संध्याकाळपर्यंत जोडून तिला आवाज ऐकवायचा, असा त्याचा बेत होता. तिला तो माहीत नव्हता. ती दुकानातून लवकर आली. येताना भाजलेली कोंबडी, बटाटे आणि छोटा केक घेऊन आली, कारण सकाळपासून नवऱ्याने वाढदिवसाचे काही म्हटले नव्हते आणि तिला वाटले, निदान जेवताना म्हणेल. तिने साडी बदलली. सोफ्यावर दोन ताटे नेली. गॅरेजच्या दाराशी जाऊन म्हणाली, "जेवायला येतोस का?"

"आलोच!" आतून आवाज आला.

मित्रांनो, आवाज वेगळा होता, शब्द तोच होता. बिट्टी दाराशी तशीच उभी राहिली. मग सोफ्यावर जाऊन बसली. कोंबडीवरची वाफ गेली. खिडकीतला उजेड गेला. ती उठली, ताटे घेऊन माझ्यापाशी आली आणि तिने टॅपेटांच्या त्या कमानीकडे पाहिले.

ती घाईत नव्हती. तिने एक स्टीलचे भांडे आणले, दोन्ही हातांनी सगळे टॅपेट गोळा केले आणि भांड्यात सोडले. खणखण आवाज झाला. मग भांडे एकदा हलवले. मग तिने उरलेले डबे जमिनीवर उतरवले, मला आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसले, दोन ताटे मांडली आणि बसली.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मोड तिला, मी म्हणत होतो. चांगली मोड.

थोड्या वेळाने दातवाला आला. हात काळे, कपाळ काळे, चेहरा मुलासारखा फुललेला. "आता फक्त टॅपेट टाकायचे राहिलेत! चल, तू पण..." तो बोलता बोलता थांबला. त्याने ताटे पाहिली, भांडे पाहिले. भांड्यात हात घातला, एक टॅपेट उचलला, दुसरा उचलला, दोन्ही उजेडात धरले. सोळा सख्खे भाऊ एकसारखे दिसत होते.

"हे काय केलंस?" तो ओरडला. "हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"हे जेवायचं टेबल आहे."

"अगं, पण..." तो खाली बसला. त्याने तोंडावर हात फिरवला आणि तोंड आणखी काळे करून घेतले. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ दे. तुला काय माहीत असणार. चूक माझीच, चिठ्ठ्या लावायला हव्या होत्या."

बिट्टी त्याच्याकडे बघत राहिली. जी बाई दुकानात शेकडो औषधे डोळे मिटून जागच्या जागी ठेवते, तिच्या हातून सोळा वस्तू चुकून मिसळतील असे त्याला खरेच वाटत होते. ती तसेच वाटू देऊ शकली असती. मीही तिला मनातून सांगत होतो, गप्प राहा.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे. याच टेबलावर बाबांनी शिकवलं होतं."

दातवाल्याला हे कळायला वेळ लागला. कळले तेव्हा त्याने टॅपेट हळूच भांड्यात ठेवला, हातही न धुता उठला आणि बाहेर निघून गेला. कोंबडी कुणीच खाल्ली नाही.

पुढचे दिवस माझ्या विजयाचे होते. त्याने सगळे सामान उचलून गॅरेजात नेले. मी स्वच्छ झालो, मोकळा झालो, टेबलक्लॉथही परत आला. पण माझ्याशी कुणी बसेना. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खायची. तो दवाखान्यातच काहीतरी खाऊन यायचा. घरात पावलांचाच काय तो आवाज. इतके दिवस माझ्यावर इंजिन होते, तरी पलीकडून चमचे वाजलेले ऐकू येत होते. आता ते पण नाही. जिंकल्यावर इतके ओकेबोके वाटते हे मला ठाऊक नव्हते.

मग एका संध्याकाळी तो आला आणि माझ्या त्या टोकाला बसला. ती या टोकाला भाजी निवडत होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पेशंटला आम्ही आधी विचारतो, कुठे दुखतंय. मी तुला कधी विचारलंच नाही. सरळ खोलायला घेतलं."

तिने भाजी बाजूला ठेवली. मग ती बोलू लागली आणि बोलतच राहिली. उपड्या ताटाबद्दल, गॅरेजच्या दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीबद्दल, आणि त्या आवाजाबद्दल. "तो आवाज सुरू झाला की आई म्हणायची, चल, आपण जेवून घेऊ. इतर मुलांना गाडीचा आवाज आला की बाबा आले असं वाटायचं. मला तो ऐकला की बाबा गेले असं वाटायचं. तू तोच आवाज मला वाढदिवसाला देणार होतास."

"मला वाटलं, तुला आवडेल. तू ती गाडी ठेवून घेतलीस म्हणून."

"बाबा आवडायचे म्हणून ठेवली रे. गाडीचा मला हेवा वाटायचा. अजून वाटतो. या वयात, एका लोखंडाचा."

मी तर पायांच्या टोकापर्यंत हललो. इतकी वर्षे मला वाटत होते की जळणारा मी एकटाच आहे.

"विकून टाकू," दातवाला म्हणाला. "उद्याच."

विक, विक, विक, मी मनात ओरडलो.

"नको," बिट्टी म्हणाली.

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"मशीनवाला म्हणतो, बाबांच्या कॅमवर नवे टॅपेट घालून बघता येईल," तो चाचरत म्हणाला. "टिकेल न टिकेल, पण आवाज तोच राहील."

"तो आवाज नकोच आहे मला. कॅमही नवा घाल, टॅपेटही नवे घाल. साधे. आणि ते मी बसवणार." ती उठली. माझ्या कडेला धरून तिने मला जरासे उचलून पाहिले. "आणि हे टेबल गॅरेजात न्यायचं."

"टेबल? कशाला?"

"तू तिथून उठत नाहीस, बाबाही उठत नसत. मी किती वर्षं इथे बसून वाट बघू? पकड तिकडून."

त्याला वाटले ती थट्टा करते आहे. मलाही तसेच वाटले. पण तिने पदर खोचला. दोघांनी मला आडवा केला, दाराच्या चौकटीतून तिरका घातला, तिथे माझा एक कोपरा सोलला, आणि मला नेऊन उभा केला. कुठे? तिच्या शेजारी. त्या लांब नाकाच्या, हिरव्या, माजोरड्या गाडीच्या शेजारी. मित्रांनो, त्या क्षणी मी आशा सोडली. मला वाटले, आता माझ्यावर लोखंड घट्ट धरायचा शिकंजा ठोकतील, पाने आणि हातोड्या टाकतील, आणि उरलेले आयुष्य मी हिची मोलकरीण म्हणून काढीन.

तसे झाले नाही. म्हणजे पाने आले, हातोडीही आली. पण जेवायची वेळ झाली की बिट्टी ते सगळे एका टोकाला सारायची आणि दुसऱ्या टोकाला ताटे मांडायची. तो इंजिनावरून मान वर करायचा, तर समोर भाताची वाफ. मग त्याला हाक मारावी लागत नसे.

नवे टॅपेट आले ते चकचकीत होते. बिट्टीने हात धुतले, त्यांना तेल लावले आणि एकेक भोकात सोडायला लागली.

"कुठला कुठे टाकायचा?" तिने विचारले.

"कुठलाही. हे नवीन आहेत, यांची जागा अजून ठरलेली नाही."

ती थांबली आणि एकदम हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने कोपराने डोळे पुसले आणि पुढचा टॅपेट सोडला. दोघेही हळूहळू काम करत राहिले.

इंजिन गाडीत बसले. आता सुरू करायचे. नव्या कॅमचा एक नियम असतो. पहिल्यांदा सुरू झाले की इंजिन मंद होऊ द्यायचे नाही, वीसेक मिनिटे एका वेगाने पळवायचे. एकाने आत बसून पाय दाबून धरायचा आणि दुसऱ्याने वाकून तेल-पाणी गळते का ते बघायचे.

"तू आत बस," दातवाला म्हणाला.

"मी? मला नाही येत."

"पाय ठेवायचा आणि घाबरून काढायचा नाही. एवढंच."

गॅरेजचे मोठे दार उघडून बिट्टी स्टिअरिंगमागे जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच. दोन्ही हात तिने चाकावर ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले. चावी फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. मग असा आवाज उठला की माझ्यावरचे चमचे नाचायला लागले. तो आवाज अडखळत नव्हता. एकसारखा, सरळ, भरलेला होता. बिट्टीने डोळे मिटून घेतले होते. ती कशाची तरी वाट बघत होती. जे येईल अशी भीती होती ते काही आले नाही. तिने डोळे उघडले आणि दातवाल्याकडे बघून काहीतरी ओरडून सांगितले. त्याला ऐकू गेले नाही. तो कानाला हात लावून "काय?" म्हणत राहिला आणि ती पाय न काढता हसत राहिली.

इंजिन बंद केल्यावर घर किती शांत असते हे मला त्या दिवशी कळले. ती उतरली, माझ्याशी येऊन बसली. तो समोर बसला. चार हात काळे, दोन ताटे.

"मघाशी काय म्हणत होतीस?"

"म्हटलं, हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही."

"आवडला?"

"माहीत नाही अजून. उद्या परत लावू." तिने त्याला भात वाढला. "जेव आधी."

ते जेवले. जेवताना फक्त त्या गाडीबद्दल बोलले. तेल कुठे पाझरत होते, पंख्याचा पट्टा कसा ओरडत होता, उद्या कुठपर्यंत जायचे. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मला वाईट वाटले, मी नाही म्हणणार नाही. पण ताटे गरम होती आणि दोघेही एकाच वेळी जेवत होते.

आज मी गॅरेजातच असतो. माझ्यावर तेलाचे डाग पडले आहेत आणि सोललेला कोपरा तसाच आहे. गाडी शेजारी उभी असते. माझा जळफळाट गेला असे मी म्हणणार नाही. तिला आजही बनियनने पुसतात आणि मला फडक्याने. पण संध्याकाळी माणसे माझ्याशी बसतात आणि तिला बघत राहावे लागते. तिच्या त्या लांब नाकावर एक वाटीसुद्धा ठेवता येत नाही, घसरते. बघू दे तिला.

एका गोष्टीचे मात्र मला राहून राहून वाईट वाटते. बिट्टीच्या आईने इतकी वर्षे गॅरेजच्या दाराशी जाऊन हाका मारल्या. मला उचलून तिकडे न्यावे असे तिला कधी सुचले नाही. मलाही सुचले नव्हते. मी दाराकडे बघत गाडीवर जळत राहिलो आणि ते दार काही फार लांब नव्हते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरच्या टेबलाला ओल्या फडक्याने पुसलेत की लगेच कोरड्याने पुसा, त्याने लाकूड टिकते. त्याच्यावर गरम पातेले नुसते ठेवू नका. आणि घरातले कुणी कामात, छंदात किंवा रागात दुसऱ्या खोलीत अडकून बसले असेल, तर त्याला एकदा हाक मारा, दोनदा मारा. तिसऱ्यांदा हाक मारू नका. टेबलाचे दुसरे टोक धरायला कुणाला तरी बोलवा. आम्ही दिसतो तेवढे जड नसतो.